न खपलेल्या तबकड्यांचा भाव

२३ जून १९५७, रविवार. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावात एका घराच्या दिवाणखान्यात सहा वादक जमले होते. घर रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचं. रूडी दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून द्यायचा आणि उरलेल्या वेळात त्या दिवाणखान्याचा स्टुडिओ करायचा. त्या दिवशीचा म्होरक्या होता हँक मोबली, सव्वीस वर्षांचा टेनर सॅक्सोफोनवादक. सोबत ट्रम्पेटवर बिल हार्डमन, पियानोवर सनी क्लार्क, बेसवर पॉल चेंबर्स, ड्रमवर आर्ट टेलर आणि दुसऱ्या सॅक्सोफोनवर कर्टिस पोर्टर. ब्लू नोट कंपनीने हे ध्वनिमुद्रण ‘हँक मोबली’ एवढ्याच नावाने, बीएलपी १५६८ या क्रमांकाखाली बाजारात आणलं. घेणारे थोडेच निघाले. आज त्याच तबकडीची पहिल्या छापाची चांगली प्रत लिलावात आली की बोली दहा हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकते, आणि गेलेलीही आहे. मोबली १९८६ साली वारला. शेवटची वर्षं त्याने आजारपणात आणि ओढगस्तीत काढली.

जुन्या जाझ रेकॉर्डच्या बाजारात नव्याने शिरणाऱ्याला पहिला धक्का इथेच बसतो. संगीत किती थोर आणि वादक किती गाजलेला यावर भाव ठरत असेल, अशी त्याची समजूत असते. भाव ठरतो वेगळ्याच तीन गोष्टींवर: त्या काळी प्रती किती निघाल्या, त्यांतल्या किती उरल्या आणि उरलेल्यांत धड किती आहेत. १९५७ साली जिला गिऱ्हाईक मिळालं नाही, तिचा दुसरा छाप लगेच निघाला नाही, आणि म्हणून पहिला छाप दुर्मीळ झाला. ज्या तबकड्या धो धो खपल्या त्यांच्या प्रती आजही ढिगाने सापडतात.

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. ऑगस्ट १९५९ मध्ये कोलंबिया कंपनीने काढलेली ही तबकडी जाझच्या इतिहासात सगळ्यात लाडकी म्हणता येईल. नुसत्या अमेरिकेतच तिच्या पन्नास लाखांवर प्रती खपल्याचं प्रमाणपत्र आहे. पहिल्या छापाची स्वच्छ स्टिरिओ प्रत मिळवायला पैसे मोजावे लागतात, पण मोबलीच्या आसपासही नाहीत. तिच्या पहिल्या छापात गमती मात्र आहेत. सुरुवातीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली; अशी प्रत संग्राहक आवडीने घेतो. दुसरी चूक यापेक्षा मोठी आहे. २ मार्च १९५९ च्या सत्रात टेप यंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे पहिली बाजू ऐकताना किंचित वरच्या सुरात लागते. ही चूक १९९२ च्या आवृत्तीपर्यंत कुणी दुरुस्त केली नाही. म्हणजे तीसेक वर्षं निघालेल्या प्रत्येक प्रतीत ती आहे, आणि सगळ्यांकडेच असलेल्या चुकीला बाजारात किंमत येत नाही.

एकाच वादकाच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या की हा हिशेब आणखी उघड होतो. ट्रम्पेटवादक ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ १९६४ साली बाजारात आली आणि ब्लू नोटसारख्या लहान कंपनीला झेपणार नाही इतकी चालली. तिच्या जुन्या प्रती आजही आवाक्यात आहेत. त्याच मॉर्गनने १९५६ च्या नोव्हेंबरात, अठराव्या वर्षी, ‘ली मॉर्गन इंडीड!’ ही पहिली तबकडी केली होती. तेव्हा त्याला ओळखतं कोण? आज ती हजारो डॉलरच्या रांगेत बसते. कानाने निवाडा करायचा तर ‘साइडवाइंडर’ जास्त रंगलेली आहे. पण बाजार कानाने चालत नाही.

टीना ब्रुक्सची गोष्ट तर चटका लावणारी. टीना हे लहानपणीचं टोपणनाव; माणूस टेनर सॅक्सोफोनवादक. जून १९६० मध्ये त्याने ‘ट्रू ब्लू’ ध्वनिमुद्रित केली, क्रमांक ४०४१. पाठोपाठ सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘बॅक टू द ट्रॅक्स’ झाली. तिला ४०५२ क्रमांक मिळाला, मुखपृष्ठ तयार झालं, इतकंच काय, ब्लू नोटच्या इतर रेकॉर्डसोबत मिळणाऱ्या आतल्या कागदी पाकिटांवर तिची जाहिरातही छापली गेली. तबकडी मात्र निघालीच नाही. पाकिटावरचं ते चित्र पाहून पुढे कित्येक संग्राहक कुठेच अस्तित्वात नसलेल्या तबकडीच्या मागे फिरत राहिले. १९८५ साली मोझेइक कंपनीने ब्रुक्सचं सगळं काम एका संचात आणलं तेव्हा ते संगीत पहिल्यांदा लोकांच्या कानी पडलं. तोवर ब्रुक्सला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याच्या हयातीत त्याच्या नावावर निघालेली एकुलती एक तबकडी म्हणजे ‘ट्रू ब्लू’, आणि तिचा भाव आता काय असेल हे वाचकाच्या लक्षात आलंच असेल.

युटा हिप ही जर्मनीतल्या लाइपझिगची पियानोवादक. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कला आली, १९५६ मध्ये ब्लू नोटसाठी झूट सिम्ससोबत १५३० क्रमांकाची तबकडी केली आणि थोड्याच वर्षांत संगीत कायमचं सोडून कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम धरलं. तिच्या तबकड्या जपानपासून लंडनपर्यंत चढ्या बोलीने जात होत्या, त्या काळातही ती न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात साधेपणाने राहत होती. जुन्या तबकड्यांच्या फेरविक्रीतला एक पैसाही कलाकाराकडे जात नाही. या छंदाचं कौतुक करताना ही बाजूही बोलायला हवी.

आता प्रश्न येतो तो हातातली प्रत खरोखर पहिल्या छापाची आहे की नंतरची, हे ओळखण्याचा. मुखपृष्ठावर सन क्वचितच असतो. असला तरी तो संगीताचा. ती विशिष्ट प्रत कधी दाबली गेली हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लेबल वाचायचं, आणि लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी वाचायची, जिथे खाचा संपतात आणि सुई थांबते. ब्लू नोट या कंपनीबाबत हे शास्त्र सगळ्यात पुढे गेलं आहे. न्यूयॉर्कच्या जाझ रेकॉर्ड सेंटरचे फ्रेड कोहेन यांनी त्यावर २०१० साली सबंध पुस्तक लिहिलं. म्हणून ब्लू नोटचीच एक प्रत हातात धरून पाहू.

आल्फ्रेड लायनने १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. त्याच वर्षी त्याचा बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ, हिटलरच्या जर्मनीतून निसटून त्याला येऊन मिळाला. दोघे बर्लिनचे. कंपनी लहान, भाड्याच्या जागेत, आणि जागा बदलली की लेबलावरचा पत्ता बदलायचा. १९५७ पर्यंतच्या लेबलांवर ‘७६७ लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू’ असतं. संग्राहक त्यांना नुसतं ‘लेक्स’ म्हणतात. त्यानंतर आलं ‘४७ वेस्ट ६३ वा रस्ता’. त्यातही कुठे नुसतं ‘एनवायसी’, तर कुठे ‘न्यूयॉर्क २३’. हा २३ म्हणजे त्या काळच्या टपाल विभागाचा क्रमांक. पिनकोडसारखी झिप पद्धत तिकडे १९६३ साली आली. १९६२ च्या सुमारास पत्ताच गेला आणि ‘न्यूयॉर्क यूएसए’ एवढंच उरलं. मोबलीच्या १५६८ च्या ज्या प्रतींसाठी लोक जीव टाकतात, त्यांच्या एका बाजूच्या लेबलावर ‘न्यूयॉर्क २३’ आहे आणि दुसऱ्या बाजूवर तो २३ नाही. लेबलं गठ्ठ्याने छापून ठेवलेली असत, जुना गठ्ठा संपवता संपवता नवा फोडला जाई. हा असा किरकोळ काटकसरीचा प्रकार आज हजारो डॉलरचा फरक पाडतो.

पत्ता वाचताना तबकडीचा क्रमांक विसरून चालत नाही. १५०० च्या मालिकेतल्या सुरुवातीच्या रेकॉर्डला ‘लेक्स’ शोभतं. तीच रेकॉर्ड ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबलावर मिळाली तर ती नंतरची. पण १९६३ साली निघालेल्या रेकॉर्डवर ‘न्यूयॉर्क यूएसए’ हेच मूळ लेबल. नवखा संग्राहक जुना पत्ता दिसला की हरखतो आणि नवा दिसला की नाक मुरडतो; दोन्ही वेळा फसतो.

लेबलावरून बोट फिरवलं की कधी कधी मध्यभागापासून काही अंतरावर गोल खोबण लागते. तिला ‘डीप ग्रूव्ह’ म्हणतात. दाबयंत्रातल्या जुन्या साच्यांमुळे ती उमटायची. साधारण १९६१ पासून नवे साचे आले आणि ती नाहीशी होत गेली. अधूनमधून जुना साचा एखाद्या यंत्रात राहिलेला असायचा, त्यामुळे एकाच बाजूला खोबण असलेल्या प्रतीही सापडतात. ही खोबण आवाजात काडीचाही फरक करत नाही. भाव मात्र वाढवते.

यानंतर गुळगुळीत पट्टी. तबकडी दिव्याखाली तिरकी धरावी लागते, सरळ पाहिलं तर काही दिसत नाही. तिथे खरवडलेला किंवा ठसा मारलेला तबकडीचा क्रमांक असतो, आणि त्याच्याजवळ ‘आरव्हीजी’ ही तीन अक्षरं किंवा १९६० च्या दशकात ‘व्हॅन गेल्डर’ असा पूर्ण ठसा. रेकॉर्ड तयार होताना आधी अॅल्युमिनियमच्या चकतीवरच्या मऊ लॅकरमध्ये खाचा कापल्या जातात. त्यावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटा, आणि त्यावरून दाबायचे साचे निघतात. ठसा सांगतो की ती पहिली लॅकर स्वतः व्हॅन गेल्डरने कापली. ज्याने माइक लावले, ज्याने वादकांचा आवाज जमवला, त्यानेच खाचाही कापल्या. इथे संग्राहकांचा हट्ट मला रास्त वाटतो, कारण हा फरक कानाला कळतो. सॅक्सोफोन खोलीत उभा राहिल्यासारखा पुढे येतो.

त्याच पट्टीत आणखी एक बारीक खूण असते, लपेटीदार इंग्रजी ‘पी’सारखी. संग्राहक तिला ‘कान’ म्हणतात, कारण ती खरंच मानवी कानासारखी दिसते. न्यू जर्सीच्या प्लास्टीलाइट कारखान्याची ती खूण. १९६६ च्या आरंभापर्यंत ब्लू नोटचा माल याच कारखान्यात दाबला जाई. मग लिबर्टी कंपनीने ब्लू नोट विकत घेतली आणि काम दुसऱ्या कारखान्यांकडे गेलं. लिबर्टीच्या हाती जुनी छापील लेबलं, जुनी मुखपृष्ठं आणि जुने धातूचे साचेही आले. त्यांनी ते सगळं वापरून टाकलं. त्यामुळे १९६७ साली दाबलेल्या प्रतीवर ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबल असू शकतं, व्हॅन गेल्डरचा ठसा असू शकतो, मुखपृष्ठ जुनं असू शकतं. नसतो तो फक्त कान. तेवढ्यावरून किंमत निम्म्याच्या खाली येते. ज्याला संगीत ऐकायचं आहे त्याने हा सौदा खुशाल करावा: साचा बहुधा तोच, आवाज जवळजवळ तोच, पैसे पुष्कळ कमी.

बाकी कंपन्यांची लेबलं इतकी बोलकी नाहीत, पण ठोकताळे आहेत. बॉब वाइनस्टॉकने १९४९ साली काढलेल्या प्रेस्टिजच्या पिवळ्या-काळ्या लेबलावर आधी ‘४४६ वेस्ट ५० वा रस्ता’ हा न्यूयॉर्कचा पत्ता असतो, नंतर न्यू जर्सीतल्या बर्गनफील्डचा. सनी रोलिन्सची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ न्यूयॉर्कच्या पत्त्यासह मिळाली तर खिसा तपासायला हरकत नाही. रिव्हरसाइडचं सगळ्यात जुनं लेबल पांढऱ्यावर निळं. कोलंबियाच्या लेबलावर कडेला तीन-तीन असे सहा डोळ्यांसारखे आकार दिसले तर तबकडी १९६२ च्या आधीच्या धाटणीची.

इथवर सगळं जुळलं तरी भावाचा निकाल लागत नाही, कारण अवस्था अजून पाहायची आहे. तिथेच बहुतेक स्वप्नं मोडतात.

अमेरिकेतल्या ‘गोल्डमाइन’ नियतकालिकाने रूढ केलेली प्रतवारी जगभर चालते: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड आणि त्याखाली फेअर-पुअर. ढोबळ हिशेब असा की निअर मिंटला शंभर रुपये धरले तर व्हीजी प्लसला पन्नास, व्हीजीला पंचवीस आणि गुडला दहा-पंधरा. ‘गुड’ प्रत घरी आणून लावली की खरखरीमागून जाझ ऐकू येतो, एवढंच त्या ‘गुड’चं चांगलेपण. आणि ही प्रतवारी विक्रेता स्वतःच लावत असतो, हे ध्यानात ठेवावं. चोरबाजारात ‘एकदम नवी आहे, साहेब’ म्हणणारा आणि अमेरिकेतून ‘निअर मिंट’ लिहून पाठवणारा, दोघांनाही माल खपवायचा आहे.

अनुभवी संग्राहक प्रत कशी तपासतो? आधी ती डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाकडी झाली आहे का पाहतो. मग एकाच प्रखर दिव्याखाली हळूहळू फिरवतो. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात केसासारखे बारीक चरे लपतात. मग नख न लावता बोटाच्या पेराने चरा चाचपतो: हाताला लागला तर प्रत्येक फेऱ्याला टक्क असा आवाज होणार, नुसताच दिसला तर कदाचित होणारही नाही. मग लेबलाचं भोक. त्याच्याभोवती सुरवंट चालून गेल्यासारख्या रेघा असतील, तर ती तबकडी शेकडो वेळा, आणि तीही घाईघाईने, यंत्रावर चढवली गेली आहे. हे बारकावे छायाचित्रांत दिसत नाहीत. दुरून घेणाऱ्याने विक्रेत्याकडून हे आग्रहाने विचारून घ्यावं.

डोळ्याला अजिबात न दिसणारा एक दोष मात्र वाजवल्याशिवाय कळत नाही. १९५० च्या दशकातल्या स्वस्त पेटी-प्लेअरची सुई खाचेवर आजच्या दीड-दोन ग्रॅमच्या कितीतरी पट वजन टाकायची. खाचेच्या भिंती घासून जायच्या. वरून तबकडी चकचकीत, पण सॅक्सोफोन वरच्या सुरात गेला किंवा पियानोवर जोर पडला की आवाज फाटतो. हे सर्वांत आधी जाणवतं ते बाजूच्या शेवटच्या रचनेत, आणि त्याला साधं भूमितीचं कारण आहे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीची खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे झीज तिथे आधी बोलते. म्हणून जाणकार प्रत ऐकून घ्यायची तर सुई थेट शेवटच्या रचनेवर ठेवतो.

मोनो की स्टिरिओ, हा वाद न संपणारा आहे. अमेरिकेत स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून सर्रास निघू लागल्या, पण पहिली काही वर्षं बहुतेकांच्या घरी मोनो यंत्रंच होती. व्हॅन गेल्डरही बराच काळ मोनोतच ऐकून आवाज जमवत असे. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या ब्लू नोटची मोनो प्रत जास्त मोलाची मानली जाते. स्टिरिओ आवृत्तीची मुखपृष्ठं सुरुवातीला वेगळी छापलीच नव्हती. मोनोच्याच मुखपृष्ठावर सोनेरी रंगाची ‘स्टिरिओ’ चिकटपट्टी लावून देत. १९६० नंतरच्या तबकड्यांबाबत मतं फुटतात, आणि तिथे ज्याने त्याने आपल्या कानाचं ऐकावं.

कधी कधी किंमत मुखपृष्ठाचीच असते. ब्लू नोटची मुखपृष्ठं रीड माइल्स रचायचा आणि छायाचित्रं वुल्फची असायची. रीड माइल्सला स्वतःला जाझची फारशी गोडी नव्हती, हे आज ती मुखपृष्ठं चौकटीत लावणाऱ्यांना खरं वाटत नाही. गिटारवादक केनी बरेलच्या ‘ब्लू लाइट्स’चं रेखाटन अँडी वॉरहॉलचं आहे. तो तेव्हा प्रसिद्ध झाला नव्हता, जाहिरातींसाठी चित्रं काढून पोट भरत होता. म्हणून या तबकडीसाठी जाझवाले आणि चित्रकलेचे संग्राहक एकाच लिलावात भांडतात. सन रा याच्या एल सॅटर्न कंपनीची तऱ्हा त्याहून न्यारी. शिकागोत सन रा आणि आल्टन अब्राहम यांनी चालवलेली ही कंपनी अगदी थोड्या प्रती काढायची. पुष्कळांची मुखपृष्ठं बँडमधली माणसं हाताने रंगवायची आणि कार्यक्रमाच्या जागीच विकायची. इथे ‘पहिला छाप कोणता’ हा प्रश्नच लटका पडतो, कारण एका प्रतीसारखी दुसरी नाही.

भाव चढवण्यात जपानचा वाटा मोठा. तिथल्या ‘जाझ किस्सा’ या कॉफीघरांत लोक गप्प बसून तासन्‌तास रेकॉर्ड ऐकत. १९८५ नंतर येन वधारला आणि जपानी व्यापाऱ्यांनी अमेरिकेतून मूळ छाप उचलून नेले. जपानने स्वतःही किंग आणि तोशिबा या कंपन्यांमार्फत ब्लू नोटचे उत्कृष्ट छाप काढले. कडेला ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी असलेल्या त्या प्रती शांत वाजतात आणि मूळ छापाच्या तुलनेत स्वस्त पडतात. २०१९ पासून ब्लू नोटची ‘टोन पोएट’ ही मालिका मूळ टेपवरून निघते आहे. तिची एखादी प्रत खरखरीत झालेल्या मूळ छापापेक्षा कानाला केव्हाही सरस. मूळ छापाचे भाव त्यामुळे उतरले का? नाही. पुनर्मुद्रणं काढताना काहींनी डीप ग्रूव्हसुद्धा हुबेहूब उतरवली आहे, म्हणून नुसत्या खोबणीवर विसंबून पैसे मोजणाऱ्याची फसगत होते.

किंमत पाहायची तर विक्रेत्याने मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष मिळालेली पाहावी. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्स या संकेतस्थळावर प्रत्येक छापाच्या आधीच्या विक्रीचे आकडे असतात. ज्या प्रतीला कुणी पाच हजार डॉलर मागतो आहे आणि ती दोन वर्षं पडून आहे, तिची किंमत पाच हजार नाही.

या बाजारात मुंबई-गोव्याचंही एक नाव चढ्या दराने जातं. आमान्सिओ डिसिल्वा हा १९३६ साली मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक. जयपूरच्या महाराणी गायत्री देवींनी त्याला गिब्सन गिटार घेऊन दिल्याचं सांगतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला आणि जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसोबत १९६९ साली ‘हम दोनो’ ही तबकडी केली. त्यात ‘बॅलड फॉर गोवा’ नावाची रचना आहे. ब्रिटनच्या कोलंबिया कंपनीच्या लॅन्सडाउन मालिकेत ती निघाली. ही कोलंबिया ईएमआयची. माइल्स डेव्हिसच्या अमेरिकन कोलंबियाशी तिचा संबंध नाही, आणि सहा डोळे तिच्यावर शोधू नयेत. ‘हम दोनो’ही फार खपली नाही. आज मूळ प्रतीला शेकडो पौंड पडतात. डिसिल्वाने पुढे ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित केली, पण १९९६ साली तो वारला तोवर ती बाहेर आली नव्हती.

दुसरं नाव आपल्या घराघरांत पोचलेलं, पण वेगळ्या कारणाने. १९६८ साली एचएमव्हीने शंकर-जयकिशन यांची ‘राग जाझ स्टाइल’ काढली: अकरा राग, सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. एकाही चित्रपटाचं नाव नसल्याने चित्रपटसंगीताच्या चाहत्यांनी ती बाजूला ठेवली आणि शास्त्रीयवाल्यांनी हातात घेतली नाही. परदेशी संग्राहक आता ती शोधत असतात. जुन्या रेकॉर्डचे गठ्ठे चाळताना ती शंकर-जयकिशनच्या चित्रपटांच्या रेकॉर्डमध्ये अडकलेली असण्याचाच संभव जास्त.

गिरगाव, वांद्रे किंवा म्हापशाच्या एखाद्या घरात माळ्यावर आजोबांची पेटी सापडली तर आधी वेगळं करायचं ते ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी. मुंबईतला खरा जुना जाझ, म्हणजे ताजमहाल हॉटेलात वाजवणाऱ्या क्रिकेट स्मिथच्या बँडचं १९३६ चं ध्वनिमुद्रण किंवा गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याच्या रेकॉर्ड, सगळा ७८ च्या तबकड्यांवर आहे. त्या तबकड्या लाखेच्या. लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जायची. दुसऱ्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला तेव्हा १९४२ साली अमेरिकन सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर कडक कपात लावली, आणि लोकांनी जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी देऊन टाकल्या. कित्येक जाझ तबकड्या तिकडे अशाच नामशेष झाल्या.

एलपी धुवायच्या तर डिस्टिल्ड पाण्यात थेंबभर सौम्य साबण, खाचांच्या दिशेने मऊ ब्रश, लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत खाचांत पांढरी बुरशी धरते. पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर ती निघते. हेच मिश्रण ७८ च्या तबकडीवर मात्र थेंबभरही टाकू नये, कारण अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एलपी उभ्या ठेवाव्यात, माळ्यावरच्या उन्हाळी उकाड्यापासून लांब, आणि बाहेरच्या पिशव्या पीव्हीसीच्या असतील तर त्या आधी काढून टाकाव्यात. त्यांतून निघणाऱ्या द्रव्याने तबकडीवर धुरकट थर चढतो. तो बहुधा धुऊन जात नाही आणि निअर मिंट प्रत एका पावसाळ्यात व्हीजीला येऊन बसते.